वाचकांचे प्रश्न : कार्डाच्या पोटात काय असतं?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आर्वी तालुक्यात वावर कसायला परत येण्याआधी १९ वर्षं मी एटीएम कार्डं तयार करणाऱ्या कारखान्यात होतो. त्यातली बरीचशी लॅमिनेशन (थर दाबून एकजीव करणं) आणि पंचिंगवर (शीटातून कार्डं कापणं), शेवटची काही पर्सोमध्ये, म्हणजे कार्डावर नाव-नंबर चढवण्याच्या खोलीत. या विषयावर आपल्याकडून एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती अशी चहूकडून आली. काही निवडून उत्तरं देतो. लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी काळीपिवळी चालवतो. मे महिन्यात कार्ड गाडीच्या डॅशबोर्डवर काचेजवळ राहून गेलं. संध्याकाळी पाहतो तर पापडासारखं वाकलेलं. एटीएमच्या फटीत जात नाही. मेहुणा म्हणते, वरतून कपडा टाक अन् इस्त्री फिरव, सरळ होते. फिरवू काय? (जीपचालक, वरोरा)

नका फिरवू, दादा. दिसायला सरळ होईल, पण आतून कामातून जाईल.

कार्ड म्हणजे प्लॅस्टिकचा एकच तुकडा नाही, ते थर आहेत. मध्ये पांढऱ्या पीव्हीसीची दोन शीटं, त्यांच्यावर छपाई. दोन्हींच्या बाहेरून पारदर्शक पापुद्रा, आणि मागच्या पापुद्र्यावर काळी चुंबकीय पट्टी आधीच बसवलेली. टॅप करायचं, म्हणजे मशीनला नुसतं टेकवायचं, कार्ड असेल तर मधोमध आणखी एक थर असतो. त्यात तांब्याची केसासारखी बारीक तार कडेकडेने वेटोळी घालून बसवलेली असते. हे सगळं एकावर एक नेमकं जुळवायचं, चकचकीत स्टीलच्या पत्र्यांमध्ये ठेवायचं आणि प्रेसमध्ये १३०-१४० अंशांच्या आसपास दाबायचं. थर एकजीव होतात. त्यानंतरचं काम सगळ्यात जपून करावं लागतं : दाब तसाच ठेवून थंड करायचं. गरम असतानाच दाब काढला की शीट वाकलीच.

दुसऱ्याच वर्षी एका रात्रपाळीत थंड होण्याची वेळ मी कमी लावली होती. त्या खेपेची सगळी शीटं होडीसारखी झाली. आमच्याकडे एका शीटवर ४८ कार्डं यायची. सकाळी ती सगळी मोजून, सह्या करून, श्रेडरमध्ये घालावी लागली. त्या दिवसापासून मी प्रेसचं घड्याळ दोनदा पाहिल्याशिवाय झाकण लावलं नाही.

तुमच्या डॅशबोर्डवर तेच झालं, फक्त दाबाशिवाय. पीव्हीसी ८० अंशांच्या जवळपास नरम पडायला लागतं. वरोऱ्याला मे महिन्यात सावलीतच ४५-४६ असतं, मग बंद गाडीत काचेखाली काय होत असेल ते तुम्हाला स्टिअरिंगला हात लावल्यावर कळतंच. आता त्यावर इस्त्री फिरवली तर ती आमच्या प्रेसपेक्षाही गरम, आणि थंड होताना वर दाब नाही. चिप ज्या गोंदाने खाचेत बसवलेली असते तो गोंद उष्णतेनेच चिकटवलेला असतो आणि उष्णतेनेच सुटतो. तारेचा चिपशी असलेला संबंधही ढिला होऊ शकतो.

कार्डाचं माप जगभर एकच आहे : ८५.६० मिलिमीटर लांब, ५३.९८ रुंद, ०.७६ जाड. सपाट काचेवर ठेवलं तर त्याचा उंचातला उंच भाग जाडीसकट दीड मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, असं आयएसओ ७८१० या मानकात लिहिलंय. तुमचं पापडासारखं झालंय म्हणता, म्हणजे ते केव्हाच ओलांडलं. जबरदस्तीने फटीत घालू नका, आत अडकेल. बँकेत दुसऱ्या कार्डाचा अर्ज करा, तोवर पासबुकावर पैसे काढा. नवीन आलं की वरच्या खिशात ठेवा. मागच्या खिशात बसून बसून कार्ड मध्ये वाकतं आणि चिपच्या कडेला चीर जाते. वाहन चालवणाऱ्यांच्या कार्डांमध्ये हे फार पाहायला मिळतं.

प्रश्न : माझं सेवा केंद्र आहे. आयुष्मान, ई-श्रम, पॅन अशी सगळी कार्डं मी पीव्हीसीवर छापून देतो. लोक म्हणतात, भाऊ, एटीएम हरवलं, तेही छापून द्या ना. मशीन तर तसंच असेल. मग हा धंदा आपल्याला का करता येत नाही? (सेवा केंद्र चालक, दारव्हा)

प्रश्न रास्त आहे. छपाईपुरतं बोलायचं तर तुमच्या आणि आमच्या कामात फार अंतर नाही. अंतर आहे ते छापल्यानंतर.

तुम्ही छापता ते कार्ड म्हणजे एक नंबर नीट वाचता येईल असा कागद, फक्त टिकाऊ. तो नंबर खरा की खोटा हे दुसरीकडे, सरकारी नोंदीत तपासलं जातं. एटीएम कार्ड स्वतःच स्वतःची साक्ष देतं. चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते, म्हणजे एक लांबलचक आकडा. तो चिपच्या बाहेर कधीच येत नाही. मशीनमध्ये कार्ड घातलं की चिप त्या किल्लीने त्या एका व्यवहारापुरती नवी सही तयार करते आणि बँक ती तपासते. पुढच्या वेळी सही वेगळी. म्हणून एका व्यवहाराची नक्कल करून दुसरा करता येत नाही. जुन्या काळ्या पट्टीचं उलट होतं. ती दरवेळी तेच ते बोलायची, ज्याने एकदा ऐकलं त्याला तसंच बोलणारं दुसरं कार्ड बनवता यायचं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने फक्त पट्टीवाली कार्डं ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून चिपची द्यायला लावली. तुमच्या केंद्रावरही त्या वर्षी लोक लिफाफे घेऊन आले असतील.

आता कारखान्यात काय चालतं ते सांगतो. शीट छापलं की मोजायचं. लॅमिनेट झालं की मोजायचं. पंच मारून सुटी कार्डं झाली की परत मोजायचं. होलोग्राम, म्हणजे कार्डावरचं ते चमचमतं चित्र, त्याच्या रिळावरचे होलोग्रामसुद्धा मोजलेले. मग मिलिंग, म्हणजे चिप बसेल एवढी खाच कोरायची. ती इतकी नेमकी की खाचेखाली पीव्हीसीचा अगदी पातळ पापुद्रा उरतो. तुम्ही कार्ड उलटं करून चिपच्या मागे प्रकाशात पाहिलं तर काही कार्डांवर चौकोनी सावली दिसेल, तीच ती. चिप मात्र तिथे सुटी येत नाही. सिनेमाच्या फिल्मसारख्या ३५ मिलिमीटर रुंद पट्टीवर ओळीने बसवलेल्या चिपा रिळात येतात. त्यातून एकेक कापून खाचेत बसवतात. यालाच आम्ही इम्प्लांटिंग म्हणायचो.

एकदा पंचिंगनंतर एक कार्ड कमी भरलं. त्याच्यावर ना नाव होतं, ना नंबर, ना चिप. नुसतं होलोग्राम लावलेलं कोरं कार्ड. पहाटे सहाला पाळी सुटायची होती. कोणालाही घरी जाऊ दिलं नाही. कपडे झटकले, डबे उघडले, कचऱ्याची पोती जमिनीवर ओतली. साडेअकराला ते यंत्रातल्या सरकत्या पट्ट्याच्या खालच्या पत्र्यात उभं अडकलेलं सापडलं. माझी बायको तोवर दोनदा गेटवर येऊन गेली होती, धाकट्याला ताप होता. तेव्हा मला राग आला होता. नंतर पर्सोमध्ये गेलो तेव्हा कळलं की खऱ्या होलोग्रामचं कोरं कार्ड नकली कार्ड बनवणाऱ्याच्या हाती लागलं तर तिथून पुढचं त्याचं काम किती सोपं होतं. आज मी पर्यवेक्षक असतो तर मीही कोणाला सोडलं नसतं.

पर्सोची खोली म्हणजे तर किल्ल्यातला किल्ला. बँकेकडून येणारी माहिती कुलूपबंद सांकेतिक रूपात येते. ती उघडण्याची किल्ली एका खास पेटीत असते आणि त्या किल्लीचे तुकडे वेगवेगळ्या माणसांकडे. एकटा माणूस काहीच करू शकत नाही. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कार्डाच्या मागे छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही, म्हणजे कार्ड तपासायचा आकडा, काळ्या पट्टीत लिहिलेला आणि चिपमध्ये ठेवलेला, हे तिन्ही वेगवेगळे असतात. एकाची चोरी झाली तरी दुसऱ्याचं काम त्याने होत नाही.

त्यामुळे हा धंदा सेवा केंद्रात होणार नाही आणि तो तिथे होऊ नये असंच मला मनापासून वाटतं. पण तुमच्या यंत्राला दुसरं काम आहे. शाळांची ओळखपत्रं, दूध संकलन केंद्राच्या सभासदांची कार्डं, वाचनालयाची कार्डं. आजही आपल्या बाजूच्या कितीतरी शाळा ती शहरातून करून आणतात.

दोन विनंत्या आहेत. कोणी एटीएम कार्ड झिजू नये म्हणून लॅमिनेट करायला आणलं तर करू नका. ०.७६ वर आणखी जाडी चढली की ते एटीएममध्ये अडकलंच समजा. आणि लोकांच्या कार्डाचे फोटो किंवा स्कॅन संगणकात राहू देऊ नका. कारखान्यात जे सात कुलपांत ठेवतात, ते तुमच्या डेस्कटॉपवर पडून राहतं.

प्रश्न : चिपवर दिसते ते खरं सोनं असते काय? आमच्या बचत गटातल्या बायांनी जुनी एटीएम कार्डं आणि सिम जमा करून ठेवली आहेत. कोणीतरी विकत घेतो म्हणून सांगून गेला. (अंगणवाडी सेविका, राळेगाव)

सोनं खरं असतं ताई, पण मुलामा असतो, आणि तोही पाहायला मिळणार नाही इतका पातळ. गंजू नये आणि मशीनच्या टोकांशी संबंध नीट यावा म्हणून. गटाने गावभराची कार्डं जमवली तरी त्यातून कुंकवाच्या टिकलीएवढंही हाती लागणार नाही. विकत घेणाऱ्याला सोनं हवंय की कार्डावरचे नंबर, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. म्हणून देऊ नका. सगळ्या बायांना एकत्र बसवून कात्रीने कापा. एक काप चिपच्या मधून, एक काळ्या पट्टीतून आडवा, एक नंबरातून. तुकडे एकाच ठिकाणी टाकू नका. पीव्हीसी चुलीत घालू नका, त्याचा धूर छातीला फार वाईट असतो.

प्रश्न : खत घ्यायला कृषी केंद्रात गेलो की माझंच कार्ड चालत नाही. दुकानदार कधी शर्टाला पुसतो, कधी पन्नीत गुंडाळून घासतो. कधी चालते, कधी नाही. एकदा पैसे कटले अन् पावतीच निघाली नाही. (शेतकरी, दर्यापूर)

पन्नीत गुंडाळायची युक्ती जुन्या पट्टीच्या काळातली. पट्टीवर ओरखडे असले की वाचणारं डोकं अडखळायचं, पन्नीमुळे ते जरा लांब राहायचं आणि कधीकधी वाचून जायचं. चिपला पन्नीचा उपयोग नाही, उलट मध्ये प्लॅस्टिक आलं की संबंधच तुटतो.

चिपवर जी घरं आखलेली दिसतात, आठ किंवा सहा, त्यातली पाच खरी कामाची. एकातून वीज येते, एक तिच्या परतीची वाट, एक चिपला ताल देतं, एक तिला नव्याने सुरू करतं आणि एकातून बोलणं होतं. या पाचांपैकी एकावर जरी घाम, तेल किंवा युरियाची पूड बसली तरी मशीन म्हणते, चिप वाचता येत नाही. कृषी केंद्रातलं मशीन तर दिवसभर खताच्या धुळीतच असतं. कापसाच्या दिवसांत बारीक रुई त्याच्या फटीत साचते. तेव्हा दोष तुमच्या कार्डाचाच असेल असं नाही. दुसऱ्या दुकानात चालतं का ते आधी पाहा. कार्ड मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. पाणी नको, नखाने खरवडणं नको.

मशीनने चिप वाचली नाही म्हणून दुकानदार पट्टी घासतो आणि मशीन परत चिप घालायला सांगते, हेही तुम्ही पाहिलं असेल. ते बिघाडामुळे होत नाही. त्या पट्टीतच एका ठिकाणी लिहिलेलं असतं की या कार्डाला चिप आहे. पट्टीची चुंबकीय ताकद टिकाऊ असते. बँकेच्या कार्डांना साधारण २७५० ते ४००० ओर्स्टेडची (ओर्स्टेड हे ही ताकद मोजायचं माप) पट्टी लावतात, हॉटेलच्या खोलीच्या चावीकार्डाला ३०० च्या आसपासची. तरीही मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरात कार्ड ठेवायची सवय सोडा. चिपला चुंबकाने काही होत नाही.

पैसे कटले आणि दुकानदाराला मिळाले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार बँकेने ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपणहून परत करायचे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. आधी पासबुक भरून पाहा. पैसे आले नसतील तर तारीख, वेळ आणि रक्कम लिहून अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका.

प्रश्न : मी बारावीत आहे. कार्डावरचे १६ आकडे कसेही पडतात की त्यांना काही नियम असतो? (विद्यार्थी, पुसद)

नियम असतो, आणि तू तो वहीत करून पाहू शकतोस.

सुरुवातीचे आकडे कार्ड कोणत्या जाळ्याचं आणि कोणत्या बँकेचं ते सांगतात. ४ ने सुरू झालं की व्हिसा. आपल्या घरी रुपे कार्ड असेल तर बहुधा ६ ने सुरू होणारं दिसेल. ही बँकेची ओळख आधी ६ आकड्यांची होती, ती आता ८ आकड्यांची झाली आहे. त्यानंतरचे आकडे खातेदाराच्या कार्डाचे. सगळ्यात शेवटचा आकडा मात्र हिशेबाने काढलेला असतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी तो हिशेब शोधला, १९६० मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं.

छोटं उदाहरण घे : ७३८२ आणि पुढे तपासणीचा आकडा. उजवीकडून सुरू कर आणि एक सोडून एक आकड्याची दुप्पट कर. २ चे ४. ८ तसाच. ३ चे ६. ७ तसाच. बेरीज ४ + ८ + ६ + ७ = २५. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ३० ला पोचायला ५ हवेत. म्हणून नंबर झाला ७३८२५. दुप्पट करून दोन आकडी संख्या आली तर तिचे आकडे एकमेकांत मिळवायचे, १६ आले तर १ + ६ = ७. आता कोणी चुकून ८ आणि २ ची अदलाबदल करून ७३२८५ लिहिलं तर शेवटच्या ५ सकट बेरीज २७ येते, दहाच्या पटीत बसत नाही, आणि मशीनला चूक कळते. एकच आकडा चुकला तर तो हमखास पकडला जातो. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तरी जवळजवळ नेहमी. फक्त ०९ चं ९० झालं किंवा उलट, तर हा हिशेब फसतो. का फसतो ते तू शोध, सापडलं तर मला लिहून पाठव.

लक्षात ठेव, हा हिशेब टंकलेखनाची चूक पकडतो, चोर पकडत नाही. हिशेबात बसणारा नंबर कोणालाही बनवता येतो.

प्रश्न : यवतमाळ बसस्टँडवर गर्दीत कोणी मशीन खिशाला लावून पैसे काढते म्हणतात. माझ्या कार्डावर ती वाय-फायसारखी खूण आहे. भीती वाटते. (शिक्षिका, नेर)

ती खूण वाय-फायची नाही, टॅपची. कार्डाच्या आत जी तार सांगितली तिला मशीनकडून १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरीतून वीज मिळते, तीही अगदी काही सेंटिमीटरवरून. जाड पाकीट, मध्ये दुसरं कार्ड असलं तरी ते बिचकतं. पिनशिवाय एका वेळी ५००० रुपयांपर्यंतच जातात, १ जानेवारी २०२१ पासून. आणि जानेवारी २०२० च्या नियमाने टॅपची सोय आपण चालू केल्याशिवाय नव्या कार्डावर चालू होत नाही. तुम्ही टॅप करत नसाल तर बँकेच्या ॲपमध्ये ते बंद आहे ना, एवढं पाहून घ्या. एसटीच्या गर्दीत खरी भीती अख्खं पाकीट जाण्याची आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. निराधार योजनेचे पैसे खात्यात येतात. बँकमित्राकडे त्यांचा अंगठा उमटत नाही, म्हणून कार्ड घेतलं. पण त्यांना वाचता येत नाही, कार्ड कोणत्या बाजूने घालायचं तेही समजत नाही. त्यामुळे कार्ड पुतण्याकडे असतं, पिनही त्यानेच कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवला आहे. तो कधी हजार देतो, कधी म्हणतो आलेच नाही. सासूबाई म्हणतात, जाऊ दे, मले काय समजते त्यातलं. काय करू? आणि त्यांना ओळखता येईल असं कार्ड कोणी का बनवत नाही? (सून, दिग्रस)

ताई, तुमचं पत्र मी चारदा वाचलं.

आधी करायचं ते. भांडण नंतर, बँक आधी. सासूबाईंना घेऊन शाखेत जा, आठवडी बाजाराचा दिवस टाळा. जुनं कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच वेळी खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडलाय ते विचारा. बऱ्याचदा तोही पुतण्याचाच निघतो, आणि मग पैसे आल्या-गेल्याचा मेसेज त्यालाच जातो. नंबर तुमच्या घरातला लावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की पिन आपणच दुसऱ्याला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून एक दिवसही थांबू नका. शेवटच्या सहा महिन्यांच्या नोंदी पासबुकात भरून घ्या. किती आले आणि किती हातात पडले, हे सासूबाईंना कागदावर बोट ठेवून दाखवता येईल. जनधन खातं असेल तर रुपे कार्डावर अपघात विमाही असतो, २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना २ लाखांचा. त्यासाठीही कार्ड वापरात असावं लागतं.

आता दुसरा प्रश्न. अंगठा का उमटत नाही ते आपण जाणतोच. चाळीस वर्षं कापूस वेचलेल्या बोटांना बोंडाच्या टोकांनी रेघा कुठे ठेवल्या? माझ्या आईचंही तेच. पण तिची बोटं कार्ड ओळखायची. तेव्हा कार्डावर आकडे उठावाचे असायचे. ती अंगठा फिरवायची, खरखरीत बाजू वर धरायची आणि बरोबर घालायची. ते उठावाचे आकडे तिच्यासाठी नव्हते खरं तर. पूर्वी दुकानात कार्डावर कार्बनची पावती ठेवून वरून रूळ फिरवायचे, त्यात आकडे उमटावेत म्हणून ते होते. मशीनं तारेने बँकेला जोडली गेली तशी ती गरज संपली, सपाट छपाई स्वस्त पडायला लागली आणि एम्बॉसिंग, म्हणजे आकडे उठावाचे करणं, मागे पडलं. आमच्या खोलीतलं एम्बॉसिंगचं यंत्र हलवलं तेव्हा मीही बरं म्हणालो होतो, फार आवाज करायचं ते. मग एकदा सुटीवर आलो तेव्हा आईने नवं सपाट कार्ड माझ्यापुढे धरलं अन् विचारलं, “आता याचं तोंड कोन्तं रे?” मला उत्तर देता आलं नाही. एवढी वर्षं कार्डं बनवली, पण माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं की त्या उंचवट्यावर कोणाचा तरी अंगठा अवलंबून आहे.

याला उपाय नाही असं नाही. मास्टरकार्डने २०२१ मध्ये एक रचना जाहीर केली. कार्डाच्या आखूड कडेला खाच : डेबिटला चौकोनी, क्रेडिटला गोल, प्रीपेडला त्रिकोणी. अंधांसाठी ती केली, पण तुमच्या-माझ्या घरालाही ती तेवढीच उपयोगाची. पंचिंगच्या साच्यात एक खाच वाढवणं हे कारखान्याला जमण्यासारखं काम आहे, मी त्या मशीनवर उभा राहिलेला माणूस आहे म्हणून सांगतो. निराधार आणि जनधनच्या खातेदारांना मिळणाऱ्या प्रत्येक कार्डावर ती असावी. नंबर मोठ्या अक्षरात असावा, आणि कार्ड कसं घालायचं याचा बाण तरी असावा. डिझाइन मंजूर होण्याआधी ते एकदा वेचणीवरून आलेल्या बाईच्या हातात द्यावं. बँकांच्या लोकांपैकी कोणी हे वाचत असेल तर माझी ही मागणी आहे.

तोवर घरी काय करता येईल? कार्डाला स्वतः खाच पाडू नका, भोक पाडू नका. टॅपच्या कार्डात तार कडेनेच फिरलेली असते, ती तुटेल. वर टिकली किंवा चिकटपट्टीही नको, एटीएममध्ये सुटून अडकते. कार्डासाठी कापडी पाकीट शिवा आणि त्याच्या एका टोकाला, वरच्या अंगाने, जाड दोऱ्याची गाठ घाला. चिपचं टोक नेहमी गाठीच्या विरुद्ध बाजूला, चिप दिसते ती बाजू गाठीच्या अंगाने वर. कार्ड बाहेर काढताना गाठ हातात, म्हणजे चिप आपोआप पुढे. चिप बोटालाही कळते. नखाने हळूच चाचपलं की तिची कड लागते आणि धातू प्लॅस्टिकपेक्षा गार लागतो. पिनसाठी आकडे ओळखायची गरज नाही. एटीएमच्या कीपॅडवर ५ च्या बटणावर उंच ठिपका असतो. त्यावर बोट ठेवायचं आणि तिथून वर, खाली, बाजूला असं लक्षात ठेवायचं. माझ्या आईने पिन असाच पाठ केला, “मधातून वर, मग परत मधात” असा. खरा कोणता ते मलाही सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

सवयीसाठी मी तिला चपलेच्या खोक्याला फट पाडून दिली होती. ओसरीवर बसून चार संध्याकाळी ती त्यात कार्ड घालायची, काढायची. खोक्यावर ठिपका म्हणून ज्वारीचा एक दाणा फेविकॉलने चिकटवला होता. पाचव्या दिवशी आम्ही आर्वीला गेलो. ती आत गेली, मी बाहेर रसवंतीपाशी थांबलो. तुम्ही खोकं केलंत तर फट साडेपाच सेंटिमीटर रुंद ठेवा आणि उंचीला दोन मिलिमीटर, त्याहून मोठी नको. खोक्यात जुनं, बंद झालेलं कार्ड वापरा. पिन लिहिला आहे ते कापायच्या आधी तेवढ्या कामाला येईल, फक्त बंद झाल्याची पोच हातात आल्यावर.